काकूंना वाचून न दाखवलेली बातमी

आंजी, मंगळवार, संध्याकाळ

सकाळी बाबांशी पुन्हा तेच भांडण. ते म्हणाले, "इस्रायलनं वाळवंटात शेती पिकवली. ठिबक सिंचन आपण तिकडूनच शिकलो. त्याइच्यावर हल्ला झाला तं त्याइनं गप बसाव काय?" मी म्हणाले, गाझातली लेकरं तुम्हाला कुणालाच दिसत नाहीत. "बीए झाली अन् बापाले शिकवून राह्यली," म्हणत ते शेतात गेले.

संध्याकाळी शेजारच्या शांताकाकूंना पेपर वाचून दाखवायला गेले. त्यांचा मुलगा सुनील इस्रायलमध्ये बांधकामावर आहे, म्हणून तिकडची बातमी मी त्यांना रोज वाचून दाखवते. काकू तुरीच्या शेंगा सोलत होत्या. सुनील तिकडे राहतो त्या गावात सगळं शांत आहे, एवढं वाचून मी पान उलटलं.

"पल्याडच्या लेकराइचं काऊन नाई वाचत?" काकू म्हणाल्या. "सुनीलले तं गाझाकडं रोज धूर दिसते, फोनवर सांगते."

गाझातल्या लेकरांचं त्याच बातमीखाली छापलेलं असतं. काकूंना वाईट वाटेल म्हणून मी गाळत होते. की त्यांच्याशीही भांडावं लागेल म्हणून?

पान परत उलटून सगळं वाचलं. काकू शेंगा सोलतच राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "उद्या बी पुरं वाचजो. मले लहान नको समजू."

घरी येऊन बसले आहे. रडू नाही, राग नाही, काहीच नाही. बाबा जेवायला हाक मारताहेत. सकाळी त्यांना म्हणाले होते, ती लेकरं तुम्हाला दिसत नाहीत. मला दिसत होती, आणि रोज मीच पान उलटत होते.