चाळीस पेट्या कोणाच्या

९ ऑक्टोबर

व्हेंकामाच्या शीतगृहाचं दिवाळं निघालं. कोर्टाने क्युरेटर म्हणून मला नेमलं. म्हणजे त्याचं जे जे असेल ते ताब्यात घ्या, विका, बँकेला आणि बाकीच्यांना वाटून द्या. आत ट्यूलिपच्या कंदांच्या पेट्या, पार छतापर्यंत! दारात सत्तरीचा एक शेतकरी उभा — सिबे ग्रूट. "बाई, यातल्या चाळीस माझ्या. मी फक्त ठेवायला दिल्यात. नवं वाण आहे. एकोणीस वर्षं घातली त्यात." कागद? "कागद कसला! हातात हात दिला होता."

व्हेंकामाला विचारलं. त्याने खांदे उडवले. "गोदामातलं सगळं माझंच."

१३ ऑक्टोबर

गिऱ्हाईक म्हणतं, सगळा माल आजच्या आज, नाहीतर नको. लावणी सुरू झालीय. ऑफिसातला योस्ट म्हणाला, "त्या चाळीस बाजूला ठेव ना. आठ दिवसांनी काय बिघडतंय?" बिघडतं! सौदा फिसकटला, माल कुजला, तर बँक मलाच धरेल.

विकल्या. सगळ्या.

१४ ऑक्टोबर

सिबेचा फोन, तीनदा. उचलला नाही.

२० नोव्हेंबर

सिबेने दावा लावला — व्हेंकामावर नाही, माझ्यावर! व्यक्तिशः. दुसऱ्याची वस्तू आहे हे माहीत असून विकली, म्हणे. माझ्या कामाचा विमा आहे, त्या कंपनीने वकील दिलाय. "त्याच्याकडे कागद नाही ना? मग निवांत जेवा." वाटाण्याचं सूप होतं. जेवले.

१२ फेब्रुवारी

सुनावणी. सिबेच्या वकिलाला साक्षीला बोझेना हवी होती — शीतगृहात पेट्या लावायची ती. पोलंडला परत गेली, पत्ता कोणाकडेच नाही. न्यायाधीशांनी मला विचारलं, "त्या पेट्या ग्रूटच्या आहेत, असं तिथे आणखी कोणी म्हणालं होतं?"

"नाही. ते स्वतःच तेवढे."

२७ एप्रिल

रस्त्यात गाडी थांबवली. सिबे कालव्याकाठी सायकल धरून उभा होता. समोर परक्याच्या शेतात त्याचं वाण फुललेलं — विटकरी, हिरव्या कडेचं. गिऱ्हाइकाने रीतसर विकत घेतलंय, आता परत मिळायचं नाही. वाटलं, शिव्या घालेल. म्हणाला, "रंग बरोबर उतरलाय." मग जरा वेळाने, "उद्या फुलांची मुंडकी उडवतील. कंद पोसायला उडवावीच लागतात. मीही तेच केलं असतं."

गाडीत बसले. निघाले.

११ जून

निकाल लागला. जिंकले! योस्टने केक आणला. सिबेला अपिलाला तीन महिने आहेत. वकील हसला — "नवा पुरावा आणणार कुठून तो?"

१२ जून

सिबेच्या वकिलाला पत्र लिहून टपालात टाकलं. विक्रीच्या आदल्या दिवशी बोझेना मला त्या पेट्यांपाशी घेऊन गेली होती. "या म्हातारबाबांच्या. जुलैत मीच उतरवून घेतल्या." कोर्टात हे सांगितलं नाही. इथेही लिहिलं नव्हतं.