मत द्यायचं की बाहेर जायचं

१७ मार्च, गुरुवार

निवडून आले! मी! काहीतरी घोटाळा आहे.

यादीत मी अगदी तळाला होते. वीब्रेन — आमच्या स्थानिक पक्षाचा म्होरक्या — जानेवारीत म्हणाला, "हिस्के, नुसतं नाव दे गं. शेवटचं कधी कोणी निवडून येत नाही." दिलं. आणि अख्ख्या ओल्डेवेर्टनं लाल पेन्सिलीनं माझ्याच नावापुढचा गोल रंगवला. का, तर मी त्यांना नाहीतर त्यांच्या पोरांना पोहायला शिकवलंय. इपे सकाळपासून हसतोय. "या नगरसेविकाबाई, बटाटे सोला." नवरा आहे की वैरी!

३१ मार्च

काल शपथ झाली. डोकं गरगरतंय. महापौरबाई अध्यक्षस्थानी, पण त्यांना मत नाही. त्यांना आम्ही निवडलेलंही नाही — राजाच्या सहीनं आल्यात. रोजचा कारभार चालवणारे कारभारी साहेब सगळ्यात जास्त बोलतात, त्यांनाही मत नाही. मग मत कोणाला? ज्यांना काही कळत नाही, त्या आम्हा सतरा जणांना!

एकमेकांशी थेट बोलायचं नाही, अध्यक्षांमार्फत बोलायचं. समोरच्या विरोधी बाकावर गेर्लोफ बसतो, माझ्याच गल्लीतला. त्याला खिडकी लाव म्हणायचं तर तेही अध्यक्षांमार्फत? तासभर सगळ्यांनी एकमेकांची सालटी काढली आणि नंतर खाली एकाच ताटलीतले गरम बिटरबॉल, ते मांसाचे तळलेले गोळे, खात बसले. भांडण खरं की बिटरबॉल खरे?

२ जून

पोहण्याचा तलाव बंद करायचा ठराव आलाय. आमचा तलाव! दुरुस्ती परवडत नाही म्हणे. आणि आणला कोणी, तर आमच्याच युतीनं.

घराघरामागे कालवा आहे इथं. पोर पडलं तर कपड्यांतच पडणार, म्हणून मी पोरांना तलावात कपडे-बुटांसकट उतरवते, रडली तरी उतरवते. पुढच्या वर्षापासून कोण उतरवणार? दुसरा तलाव दोन बस बदलून. कोण नेणार रोज?

१४ जून

युतीचे मला धरून नऊ, विरोधक आठ. विरोधक सगळे तलावाच्या बाजूचे. म्हणजे सगळं माझ्यावर. रात्री झोप नाही.

मनात आलं, तटस्थ राहू. परिषदेच्या सचिव लिदेवायबाईंना विचारलं. "सभागृहात असलात तर मत द्यावंच लागतं. हो किंवा नाही. तिसरं काही नाही." नाही म्हटलं तर युती मोडेल. ज्यांनी मला घेतलं त्यांच्याच पाठीत सुरी. हो म्हटलं तर गावात तोंड दाखवायला नको.

२० जून

वीब्रेन घरी आला. कॉफी घेतली, एकच बिस्किट घेतलं, मग म्हणाला, "मतदानाच्या वेळी बाहेर जा. आठ-आठ होतील. पुढच्या सभेत पुन्हा तसंच कर. दोनदा बरोबरी झाली की ठराव पडतो. तुझा तलाव वाचेल, माझी युती वाचेल."

इतकं सोपं? दोनदा विचारलं. दोनदा हो म्हणाला. चांगला माणूस आहे. उगाच घाबरत होते.

२४ जून

काल बाहेर गेले. आठ-आठ! निर्णय पुढच्या सभेवर. तलावावर पोरं ओरडली, "हिस्केबाई जिंदाबाद!" बाई बाहेर खांबाला टेकून उभी होती हे त्यांना कुठं माहीत!

८ जुलै

जसं झालं तसं लिहिते.

काल महापौरबाईंनी पहिलं नाव कोणाचं पुकारायचं त्याची चिठ्ठी काढली आणि मी उठले. बाहेर आले तर गेर्लोफ जिना उतरत होता, एका बाहीत हात, कोट अर्धा लोंबतोय.

"तू कुठं चाललास?"

"पोरीला कळा सुरू झाल्यात! आजोबा होतोय मी!" माझा हात गच्च धरला. "फार मोठं मन तुझं, हिस्के. वीब्रेननं सांगितलं मघाशी — आज तू उघड आमच्या बाजूनं मत देणार. मग मी नसलो तरी आठ-आठ, ठराव पडतोच म्हणाला, बिनधास्त जा."

"गेर्लोफ, मी बाहेर आहे."

"अं?"

"मी बाहेर उभी आहे!"

दोघं धावलो. दाराला हात लावला आणि आत हातोडा वाजला. आठ विरुद्ध सात. मंजूर.

वीब्रेन नंतर हातात बिअर घेऊन आला. "मनाला लावून घेऊ नकोस. राजकारण आहे." मला वाटत होतं आपल्याला नियम कळत नाहीत. नियम कळले होते. माणूस कळला नव्हता. संताप येतो, त्याच्यापेक्षा स्वतःचाच जास्त.

९ जुलै

गेर्लोफला नात झाली. मुलगी झाली की वाटतात तसे, टोस्टवर लोणी आणि गुलाबी बडीशेप घालून घेऊन आला. रडला बिचारा. "हिला कोण शिकवणार गं पोहायला?"

११ जुलै

लिदेवायबाईंकडे गेले. पक्ष सोडला तर माझी खुर्ची जाईल ना, एवढंच विचारायचं होतं. त्यांनी चष्मा काढला. "खुर्ची पक्षाची नसते. लोकांनी तुमच्या नावापुढं खूण केली. तुमची आहे ती."

मला खरंच वाटेना. पुन्हा विचारलं. मग म्हणाल्या, तलाव पाडायच्या खर्चाला परिषदेची मंजुरी लागते. तो ठराव सप्टेंबरात मताला येईल.

१२ जुलै

सकाळी महापौरबाईंना कळवलं. आजपासून माझा एकटीचा गट. वीब्रेनचे आठ, समोरचे आठ, आणि मी. मी आता जागेवरून उठणार नाही.