अंबरनाथहून परत न फिरल्याबद्दल

तीर्थस्वरूप महिपतीमामांस,

प्रज्वलचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी गोड सोडलं का, की प्रसादाच्या नावाखाली अजून चालूच आहे? इकडे बदलापुरात आई बरी आहे आणि मी जिंकलोय. कसा ते सांगतो, पण मधेच पत्र फाडू नका. (तुमचा राग मला ठाऊक आहे, तोच माझ्यात उतरलाय.)

तुम्ही सगळ्या गोतावळ्यात सांगितलंत की प्रज्वलनं पोरीपायी कॉलेज सोडलं. मामा, पोरगी नंतर आली. कॉलेज सुटलं ते परीक्षेत. सीट नंबर बरोबर टाकलाय का ते मी बघायचो, परत बघायचो, आणि शेवटची घंटा व्हायची तेव्हा अख्ख्या पेपरात तो नंबर तेवढा अचूक असायचा. हे सांगायची लाज वाटली, म्हणून सुपरवायझरशी भांडण काढलं आणि घरी आलो.

मग उल्हासनगरला कॅम्प एकमधल्या पडद्यांच्या दुकानात लागलो. संध्याकाळी शटर ओढून कुलूप लावायचं काम माझं. लावायचो, ओढून बघायचो, स्कूटरवर बसायचो, आणि अंबरनाथ आलं की छातीत सुरू, लागलं होतं ना? लागलेलंच असायचं, मलाही माहीत असायचं, तरी परत फिरायचो. कुलपाला हात लावला की जीव गार, पण तो गारवा पुढच्या चौकापर्यंत. (शेठ म्हणतात, मुझे भी थोडा है, मैं चप्पल सीधी रखता हूँ. त्यांना एकदा माझी खोली दाखवायला हवी, तिथे चप्पल शोधायला बॅटरी लागते. हा नीटनेटकेपणा नव्हे मामा, हा संशय आहे, आणि तो स्वतःवरचा.)

आता तेजल. राहते वांगणीला, बदलापुरात मेडिकलवर कामाला आहे. (तिच्याबद्दलची दोन पानं तुमच्या वयाला झेपणार नाहीत म्हणून काढून टाकली.) तिला सातची वेळ द्यायचो आणि साडेआठला उगवायचो. तिच्या मैत्रिणीनं मला अंबरनाथच्या नाक्यावर उलटा वळताना तीनदा पाहिलं. तेजलनं सरळ विचारलं, अंबरनाथला तुझी कोण आहे? मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो, म्हणून तडकून म्हणालो, आहे एक. कुलूप लपवायला पोरगी कबूल करणारा जगात मी एकटाच.

"दाखव मला," म्हणाली आणि मागे बसली. अंबरनाथ आलं, गेलं. कॅम्प एकला बंद शटरसमोर स्कूटर लावली, कुलपाकडे बोट केलं आणि सगळं सांगितलं. मी रडलो. (आईला बोलू नका.) ती कुलपाकडे बघून म्हणाली,

"ह्याच्यासाठी मी चार दिवस जेवले नाही काय रे?"

तिनंच मला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या हा आजार आहे, ओसीडी, वेडेपणा नाही. गोळ्या दिल्या. कुलूप एकदाच लावायचं, मग छाती धडधडू द्यायची, धडधड चढते तशी उतरतेही. आणि 'लागलंय रे' असा धीर कोणी द्यायचा नाही, तो त्या संशयाचा खुराक. (तेजल रोज कुलपाचा फोटो मागवून 'ओके' कळवत होती. दोघांनी बोलणी खाल्ली.) मी आधी बाईंशी भांडलो, ते तुम्ही ओळखलंच असेल. पहिले काही दिवस रोज फिरलो.

मग एका शनिवारी अंबरनाथ आलं. डोक्यात शेठचे पडदे रस्त्यावरून पळवले जात होते, आणि मी त्या संशयाला मोठ्यानं शिव्या देत, वळण टाकून, थेट बदलापूर गाठलं. तेजलनं नुसतं घड्याळ दाखवलं, सात वाजून पाच. मामा, बोर्डात आलेल्या पोरांचे फ्लेक्स लागतात, माझा त्या दिवशी लागायला हवा होता. त्याला अकरा दिवस झाले. दोनदा फिरलो, नऊदा नाही. नऊदा!

मामींना नमस्कार.

आपला विजयी भाचा,
प्रज्वल

ता. क. तेजलचे वडील हरिचंद्रअण्णा म्हणतात, कॉलेज सोडलेल्या पोराशी बोलणार नाही, त्याच्या मोठ्या माणसाला आणा. मोठं माणूस म्हणजे तुम्हीच. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दहा वाजता वांगणीला या, आणि कॉलेज का सुटलं ते खरं खरं सांगा. लपवाछपवी मला झेपत नाही हे आता सिद्ध झालंय.

ता. ता. क. पत्र मिळालं तर 'मिळालं' असा फोन करू नका. आईलाही कळवू नका. पत्ता नीट टाकला का, ह्या विचारानं मला तळमळू द्या, बाईंनी दिलेला अभ्यासच आहे तो. मी दहाला वांगणी स्टेशनबाहेर उभा असेन. तुम्ही दिसलात की समजेन पोचलं.