तळघरातल्या अठ्ठेचाळीस बाटल्या

शेबॉयगन, विस्कॉन्सिन
शनिवार, २४ सप्टेंबर १९२७

चि. एर्विन यास आगाथाताईचे अनेक आशीर्वाद. तिकडे डलूथला थंडी सुरू झाली असेल, स्वेटर घालत जा.

तू पाठवलेली झटपट बिअरची कृती मी करूनही बसले. बाबांसाठी दुसरा इलाज उरला नव्हता. दारूबंदीमुळे त्यांचा बिअरचा कारखाना बंद पडून सात वर्षं झाली, पण चौतीस वर्षं बिअर गाळलेल्या माणसाला घरात बसवलं की काय होतं ते मला या उन्हाळ्यात कळलं. बोलणं टाकलंय, दोन घासांवर उठतात. म्हटलं, निदान एक ग्लास पोटात गेला तर भूक तरी लागेल. त्यांना काही सांगितलेलं नाही. तयार झाली की एकदम समोर ठेवीन.

वाण्याकडून माल्टच्या पाकाचा डबा आणला. पावासाठी का, असं त्याने विचारलं, मी हो म्हटलं आणि कानापर्यंत लाल झाले. मोठ्या बरणीत पाक, साखर, कोमट पाणी आणि पावाचं यीस्ट घालून चार दिवस ठेवलं. वर थोडा फेस होता, पण तू चार दिवस लिहिले होतेस म्हणून भरून टाकली. अठ्ठेचाळीस बाटल्या झाल्या. प्रत्येकीत एक चमचा साखर घातली. कुठला चमचा ते तू लिहिलं नव्हतंस, मी वाढायचा घेतला.

आता खरं सांगते, मला भीती वाटतेय. आज सकाळी तळघरात काहीतरी फुटलं. पाहिलं तर एका बाटलीच्या काचा पार बटाट्यांच्या टोपलीत जाऊन पडल्या होत्या. शेजारच्या मिसेस क्रॉलींनी कुंपणावरून विचारलं, कसला आवाज गं? त्यांचा जावई दारूबंदी खात्यात आहे. लोणच्याची बरणी पडली म्हणून सांगितलं. शाळेत कळलं तर मास्तरीण म्हणून माझा तो शेवटचा दिवस. बाटली सदोष असेल ना? लगेच कळव.

तुझी काळजी करणारी,
आगाथाताई


डलूथ
सोमवार, २६ सप्टेंबर

ती. ताईस एर्विनचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र आत्ता जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच मिटला. तळघरात जाऊ नकोस. बटाटे नकोत, काही नको. माझ्या मनात चहाचा लहान चमचा होता गं, तोही सपाट. लिहायचं राहिलं. वरचा फेस पुरता बसल्यावर भरायची असते, तेही राहिलं. आता प्रत्येक बाटलीत यीस्ट साखर खात बसलंय आणि वायूला बाहेर पडायला वाट नाही. एक फुटली म्हणजे बाकीच्याही फुटणार.

मी काही जाणकार नाही, ताई. दोनदाच केली, आणि दोन्ही वेळा मित्रांनी चार दिवसांत संपवली, म्हणून फुटायला सवडच मिळाली नाही. एवढ्या भांडवलावर तुला कृती पाठवली. आमच्या गोदीवर पीटर म्हणून एकजण आहे, त्याचा डावा डोळा अशाच बाटलीने गेला. मी रोज त्याच्या शेजारी उभा राहून काम करतो आणि तुला लिहिताना मला त्याची आठवण झाली नाही.

हे पत्र पोचायला दोन दिवस लागतील म्हणून आत्ताच तार करतोय. तारवाल्याला कळू नये म्हणून एवढंच लिहिलंय: मावशीचा आजार फार संसर्गजन्य, खोलीला कुलूप लावा, कोणी जाऊ नये. तू समजशील. गोदीवरून शनिवारी संध्याकाळी सुटका होईल, रविवारी पोचतो. तोवर बाबांना खाली जाऊ देऊ नकोस.

रागाव, पण पत्र लिही.
तुझा एर्विन


शेबॉयगन
मंगळवार, २७ सप्टेंबर

चि. एर्विन यास आशीर्वाद.

बाबा जिवंत आहेत. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

काल चारला शाळेतून आले तर दारात तारवाला उभा. वाचलं आणि कुलूप घेऊन धावले. तळघराचं दार आतून लावलेलं होतं. वर खुर्चीत बाबा नव्हते. मी दार ठोठावलं तर आतून आवाज आला की बाहेरच थांब, आत पाऊल टाकलंस तर बघ. एर्विन, चार महिन्यांत त्यांच्या तोंडून मी इतके शब्द ऐकले नव्हते.

त्यांना आठवडाभर माल्टचा वास येत होता. मी लपवत होते आणि ते वरच्या खोलीत बसून रोज ओळखत होते कुठवर आलंय ते. दुपारी लागोपाठ दोन फुटल्या तेव्हा उठले. कारखान्यातला चामड्याचा एप्रन घातला, तोंडापुढे कपडे उकळायच्या हंड्याचं झाकण धरलं, बाटल्यांवर ओलं ब्लँकेट टाकलं आणि त्याखाली हात घालून एकेकीचं झाकण हळूहळू सैल करत बसले.

मी पायरीवर बसून ऐकत होते. फुस्स असा आवाज आला की एक संपली. मग बराच वेळ काही नाही. पाच वेळा धडाका झाला, आणि प्रत्येक वेळी मी हाक मारली की ते म्हणत, ओरडू नकोस, हात हलतो. सहाव्या धडाक्यानंतर हाक मारली तेव्हा उत्तरच आलं नाही. मी खांद्याने दार फोडलं. ते भिंतीला टेकून उभे होते, उजव्या मनगटातून रक्त वाहत होतं आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, साखर कोणी घातली?

डॉक्टरांनी टाके घातले. बरणी हातात फुटली असं मी सांगितलं. खोलीभर वास घमघमत होता. डॉक्टर जाताना एवढंच म्हणाले, खिडक्या उघडून ठेवा. बाबांची दोन बोटं वळत नाहीत. वळतील की नाही ते सांगता येत नाही म्हणतात.

मिसेस क्रॉली दोनदा येऊन गेल्या. मी दार उघडलं नाही. आज वर्गात फळ्याकडे पाठ करायला भीती वाटत होती, कोणीतरी दारात येऊन उभं राहील असं वाटे.

तुझी ताई


शेबॉयगन
बुधवार, २८ सप्टेंबर

एर्विन,

डाव्या हाताने लिहितोय, अक्षराला नावं ठेवू नकोस. आशीर्वाद.

तुझी बिअर मी चाखली. शिळ्या पावासारखी आहे. ज्या कामातलं आपल्याला कळत नाही ते दुसऱ्याला शिकवू नये, आणि बहिणीला तर नाहीच. एवढं रागावून झालं.

आगाथाला वाटतं मी धीराचा. खाली मी घाबरलो होतो. कारखान्यातही घाबरायचो, पण तिथे शेजारी माणसं असत. परवा कोणी नव्हतं. पण ती रोज सकाळी बटाटे आणायला त्याच तळघरात जाते, आणि वाकते तेव्हा तोंड बरोबर बाटल्यांच्या उंचीला येतं.

बत्तीस मोकळ्या केल्या, नऊ फुटल्या. सात कोपऱ्यात राहिल्यात. आगाथाला हात लावू दिलेला नाही, ती घाई करेल. त्यांच्याभोवती बर्फ रचून ठेवलाय, गारठ्यात यीस्ट मंदावतं. बर्फवाल्याने विचारलं, एवढा कशाला? मासे आणलेत म्हटलं. रविवारपर्यंत टिकतील असा माझा अंदाज आहे. अंदाजच आहे.

माझ्या हाताला पकड नाही. तू ये. जाड हातमोजे आण. मी तुझ्या मागे उभा राहीन आणि कधी सैल करायचं, कधी थांबायचं ते सांगेन. उघडशील तू.

बाबा