वहिनीची टिटवी

देवळी,
१८ मे

दादाले वर्षालीचा नमस्कार.

इकडं सारे बरे. आईचे गुडघे कुरकुरतात, तेवढंच. कागदाच्या कोपऱ्यांले हळद दिसंन. हात न धुता लिहाले बसली असं समजू नको. ते मांगून सांगते, आधी टिटवी!

तू परदेशातून पाठवलेला लोट्टे वहिनीचा व्हिडिओ काल जेवताना लावला. बाबा भिंतीकडं तोंड करून बसले, तुया लग्नापासून तुयं नाव निघालं की बसतात तसे. वहिनी मराठीत सांगून राह्यली होती, हा कीविट पक्षी, ओरडतो तसंच नाव. तेवढ्यात तो ओरडलाही: की-विट, की-विट.

बाबाची मान फिरली. म्हणे, हे तर टिटवीच्या घरचं पाखरू. तिचंही बारसं कोणी केलं नाई, तिनंच ओरडून नाव सांगितलं. मलेच समजावून राह्यले रे! तीन वर्षांत तुयाकडचं काही त्यायनं पहिल्यांदा ऐकलं.

मंग वहिनीनं गवतातल्या अंड्यांजवळ काड्या रोवल्या, कापणीचं मशीन बाजूनं जावं म्हणून. बाबानं फोन माया हातातून घेतला. वखरताना टिटवीची अंडी दिसली की तेही तुराट्या रोवून तेवढा तुकडा सोडतात, तुले ठाऊकच हाय. यंदाही सोडला, बंडूकाका हसले तरी. व्हिडिओ पुन्हा पाह्यला अन् आईले म्हणाले, "शेतकऱ्याच्या घरची दिसते." ते नको म्हणत असतांना आईनं अजून एक भाकर वाढली.

आता हळदीचं. मायं लग्न जुळलं हाय, सेलूच्या निकेशसंग. फाल्गुनातच जुळलं. तुले सांगितलं नाई, कारण तू आल्याबिगर तारीख काढू देत नाई म्हणून मी अडून बसलती, अन् बाबा ऐकत नव्हते. नवरदेवाचा कान पिळाले मामाच्या पोराले उभं करू म्हणत.

आज सकाळी पुन्हा विचारलं, कान कोण पिळीन? बाबानं हळद कालवली, कागदाच्या चारी कोपऱ्यांले बोट लावलं अन् म्हणाले, "आवतण फोनवर देत नाईत, लिही. भाऊ-भावजय असतांना दुसऱ्याचं काय काम?"

भावजय म्हणाले, दादा.

तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त पाहतो म्हणतात. दोघंही येजा. तेव्हा अंडी नसतीन, पण तो तुकडा बाबाले वहिनीले दाखवाचा हाय.

आता तारीख काढू देणारी,
तुयी वर्षाली