शेजारच्या काकूंचा मोहरी कुर्ता

१२ जानेवारी, सोमवार

कारखान्याला सुट्टी. सुट्टी म्हणजे कपडे धुणे, दुसरं काय. सायली संक्रांतीला म्हणून पुण्याहून आलीय, पण काम सोबत घेऊन. सकाळपासून हॉलमध्ये लॅपटॉप उघडून मीटिंग.

साडेअकराच्या सुमारास बादली घेऊन तिच्या मागून गॅलरीत निघाले. अंगात मोहरी कुर्ता, मरून काठाचा, ‘निर्झरा’चा. म्हणजे तिच्याच कंपनीचा. लॅपटॉपमधून बाईचा आवाज आला, हसत हसत. “सायली, मागे बघ, मागे बघ! हीच ती. हीच आपली सध्याची गिऱ्हाईक. टिपिकल काकूबाई! यातूनच ब्रँडला बाहेर काढायचंय आपल्याला. कोण आहेत गं?”

मी थांबले. वाटलं, आता म्हणेल, आई आहे माझी.

सा. म्हणाली, “शेजारच्या काकू आहेत, मॅडम. साखर मागायला आल्यात.”

सगळे हसले. तीही हसली.

मी गॅलरीत गेले आणि कपडे वाळत घातले. सगळे. तिची जीन्ससुद्धा. शेजारची बाई येऊन आमचे कपडे वाळत घालून जाते म्हणे. फार चांगला शेजार लाभलाय आम्हाला.

१३ जानेवारी, मंगळवार

काल रात्री जेवताना एक शब्द बोलले नाही. ह्यांनी दोनदा विचारलं, डोकं दुखतंय का. सा. ताटात बघून जेवत होती. म्हणजे मी ऐकलंय हे तिला माहीत आहे.

आज मुद्दाम परत तोच कुर्ता घालून कामावर. कागलच्या बसमध्ये शमाला सांगितलं. डिस्पॅचला असते ती, सोळा वर्षं आम्ही एका सीटवर. ऐकून आधी पोट धरून हसली. मग माझं तोंड बघितलं.

“काकूबाई म्हटलं त्याचा राग आलाय का शेजारची म्हटलं त्याचा?”

“दोन्हीचा.”

“खरं सांग की.”

“शेजारचीचा.”

“मग कुर्त्याला कशाला मधी घेतीस?” म्हणाली.

घेणार. कुर्ता मध्ये आहेच. मी नऊवारीत असते किंवा गाऊनमध्ये असते तर ती बाई हसली नसती. ह्या कुर्त्यात मी त्यांना दिसले, म्हणून पोरीला माझी लाज वाटली.

संध्याकाळी घरी आले. किल्ली पर्समध्ये होती, तरी बेल वाजवली. दार सा.नेच उघडलं.

म्हटलं, “वाटीभर साखर हाय का वो? शेजारनं आलोय.”

तिचं तोंड एवढंसं झालं. “आई, प्लीज.”

“आई कोण? घरात न्हाईत व्हय त्या?”

आतून हे ओरडले, “कोण हाय गं?” मी म्हटलं, “कोण न्हाई, शेजारची.” आणि चपला काढून आत आले. साखर घेतलीच वाटीभर. चहात घातली.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. काळा कुर्ता, तोही निर्झराचाच, बारीक चांदण्यांच्या छापाचा. मला शोभतो. हे मी लिहून ठेवतेय, कारण दुसरं कुणी म्हणणार नाही.

सा. दुपारच्या बसने जाणार होती. बॅग भरता भरता म्हणाली, “आई, तो एक शब्द होता. मीटिंगमध्ये असं तोंडातून जातं. आई म्हटलं असतं तर सगळे तुझ्यावर हसले असते.”

“हसलेच की.”

“शेजारच्या काकूंवर हसले. तुझ्यावर नाही.”

हे तिला खरंच पटलंय! मला वाचवलं म्हणे तिनं. मग म्हणाली, “आणि खरं सांगू? कपडे काकूबाईच आहेत आमचे. गुडघ्याखाली लांबी, कोपराखाली बाही, रंग सगळे मसाल्याच्या डब्यातले. मलाच तिथे बसून ते बदलायचेत. ते माझं काम आहे.”

“बदल की. मी कुठं अडवलंय? पण मसाल्याचा डबा काढायचा आन् आईला शेजारीण करायचं, ह्यो कसला बदल?”

तिनं बॅगेची चेन ओढली.

तिळगूळ दिला. गोड बोला म्हटलं नाही. पाया पडली, आशीर्वाद दिला, तो काय अडवता येतो का. हे स्टँडवर सोडायला गेले. वाटेत तिनं सांगितलं असणार, परत आल्यावर म्हणाले, “लेकरू हाय. लई मनावर घेऊ नकोस. आन् ह्या काळ्यात तू बरी दिसतीस.”

बरी. सत्तावीस वर्षांच्या संसारात हा शब्द पुढे सरकला नाही.

१९ जानेवारी, सोमवार

आज कपाट आवरलं. निर्झराचे अकरा कुर्ते. पहिला, फिका हिरवा, अजून आहे. कोपरावर विरलाय, फेकवत नाही.

तो घेतला ती दुपार आठवते. खरेदी विभागात नोकरी लागली तेव्हा. तोवर साडीच. कारखान्यात लोखंडी जिने, खाली भट्टीची धग, साडीचा घोळ एका हातात आणि फाइल दुसऱ्यात. राजारामपुरीत दुकान नवीनच झालं होतं. आत जायलाच अर्धा तास लावला. रेडिमेड, शिंप्याकडे माप द्यायला नको, कुणाला विचारायला नको. ट्रायल रूममध्ये आरशात बघितलं आणि दोन्ही हात वर केले. कुठेच काही सुटलं नाही, निसटलं नाही. खिशात हात घातला. तेव्हा खिसे होते. मला आयुष्यात पहिला खिसा मिळाला तो चाळिशीच्या उंबरठ्यावर.

घरी सासूबाई. “ह्या वयात पोरीवानी कापडं? गल्लीत काय सांगू मी?” आठवडाभर बोलल्या नाहीत. मी तोच घालून रोज त्यांच्यासमोरून बसला गेले.

सासूबाईंना ते जास्त वाटलं, लेकीला कमी वाटतंय. माझं बरोबर वय मधल्या मध्ये कधी येऊन गेलं, मला कुणी सांगितलंच नाही.

पुढे कंपनीनं खिसे काढून टाकले. खिशाने म्हणे कुर्ता फुगतो. पण बिनबाह्यांच्या कुर्त्याबरोबर बाह्यांचं कापड आत टाचून येतंच. लावा नाहीतर ठेवा. मी त्या बाह्यांचे खिसे शिवते. बाहीचा काठ खिशाच्या तोंडाला येईल असा. सा.च्या निळ्या कुर्त्याला तसेच दोन लावून दिलेत. घालते की ती. खिशात मोबाइल टाकते तेव्हा नाही वाटत काकूबाई.

दुपारी दुकानात चक्कर. नवीन माल आलाय, ‘तरुण’ म्हणे. आखूड, मोकळा, बाही नाहीच. कुणी बघत नाही बघून ट्रायल रूममध्ये घेऊन गेले. घातला.

वाईट दिसत नव्हता. तोच तर राग. परत जागेवर लटकवला आणि बाहेर आले.

उज्ज्वलानं, म्हणजे दुकान सांभाळते तिनं, हाक मारली. “ताई, शुक्रवारी या हळदीकुंकवाला. जुनी गिऱ्हाइकं बोलवाय सांगितल्यात. पुण्याहून मॅडम येणार, तुमची सायली पण. कपड्यांबद्दल काय वाटतं ते मोकळेपणी बोलायचं.”

मोकळेपणी. बरं.

२३ जानेवारी, शुक्रवार

आजच लिहून टाकते.

मोहरी कुर्ताच घातला. इस्त्री कडक. हे म्हणाले, “दुसरा न्हाई व्हय?” म्हटलं, “हाय. पण ह्योच.”

दुकानात सतरंजी, खुर्च्या, बायका पंधरा-वीस. दारात सा. हळदीकुंकू लावायला उभी. निळ्या कुर्त्यात. मी पुढे आले तसा तिचा हात हलला आणि कुंकू नाकावर सांडलं. मी पुसलं नाही. वाण म्हणून कापडी पिशवी दिली, तीही खाली बघून.

मॅडम वाईट बाई नाही. वयाने तशी लहानच. सगळ्यांना खाली बसून विचारत होती. बँकेतल्या एक बाई म्हणाल्या लांबी हवीच, पण रंग म्हातारे नकोत. आईबरोबर आलेली एक कॉलेजची पोरगी म्हणाली, “मम्मीला ठीक हाय, मी न्हाई घालणार मरेपर्यंत.” तिची मम्मी म्हणाली, “मग माझा पिवळा कोण पळवतंय गं?” हशा. दोघींची जुंपली. एक जण म्हणाली स्टायलिश म्हणजे नेमकं काय ते आधी सांगा. मॅडमनी ते नुसतं वहीत लिहून घेतलं.

माझ्याकडे वळली. “आपण कुठे भेटलोय का?”

“भेटलो की. तुमच्या मीटिंगीत. बादली घेऊन आलतो.”

मग तिला आठवलं आणि ती लाल झाली. “अरे हो! सायलीच्या शेजारच्या काकू! सॉरी हं, मी तेव्हा…”

“काकूबाई म्हणालात. म्हणा की. पण काकूबाईला दिवसभर जिने चढायचे असतात. ह्यात चढता येतात. आन् तुम्ही खिसे काढलेत, ते आम्हीच लावून घेतो.” आणि खिशात हात घालून दाखवला. किल्ल्या, रुमाल, चष्मा, सगळं बाहेर काढलं. बायका पुढे सरकल्या. कसा लावला, कुठल्या कापडाचा. मी सांगितलं. बिनबाहीवाल्याच्या बाह्या उरतात त्याचा.

मॅडमनी वाकून बघितलं. खिशाच्या तोंडावरचा काठ चाचपला. मग एकदम वर बघून म्हणाली, “सायली, तुझ्या कुर्त्यालाही असाच आहे ना?”

उज्ज्वलाला माहीत आहे सा. कुणाची. तिनं तोंड उघडलं, मी तिचा हात घट्ट दाबला.

सा. माझ्याकडे बघत होती. डोळे भरलेले. आता तरी. आता तरी बोल.

“काकूंनीच शिवून दिलाय,” म्हणाली.

मी हसले. म्हटलं, “व्हय. शेजारधर्म.”

२४ जानेवारी, शनिवार

उज्ज्वलाचा हात का दाबला? रात्रभर तेच. एका वाक्याचं काम होतं. तिला तिथेच तोंडावर पाडता आलं असतं, आणि तिला ते मिळायलाच हवं होतं.

शमाला बसमध्ये विचारलं. ती म्हणाली, “तू सांगितलं असतंस तर तुझ्याच तोंडनं तू तिची आई झाली असतीस. तिनं सांगायला पाहिजे.”

बरोबर आहे. तरी जीव जळतोय तो जळतोयच. सा.चे चार फोन. नाही उचलले. शेजाऱ्यांना एवढे फोन कोण करतं?

२ फेब्रुवारी, सोमवार

सुट्टी. कपडे. मोहरी कुर्ता. आता तो सोमवारचा ठरूनच गेलाय.

अकराला ह्यांच्या फोनवर व्हिडिओ कॉल. हे धावत गॅलरीत. “सायली हाय. मीटिंगमधनं. मॅडमना म्हणं तुझा खिसा परत बघायचाय.” फोन माझ्या हातात दिला. चिमटे तोंडात, हात ओले. पडद्यावर सहा-सात चेहरे, कोपऱ्यात सा.

मॅडम म्हणाल्या, “नमस्कार, काकू! पुन्हा त्रास देतेय. तो खिसा जरा…”

चिमटे काढले तोंडातले. म्हटलं, “दाखवतो. पण आधी मला सांगा, बोलवलंय कुणाला? शेजारच्या काकूंना का सायलीच्या आईला? शेजारच्या काकू आज घरात न्हाईत.”

मॅडमना कळेना. हे माझ्या मागे उभे. सा.चा चेहरा त्या एवढ्याशा चौकटीत. ह्या वेळी कुणाचा हात दाबला नाही, कुणाला हसवलं नाही.

“मॅडम,” सा. म्हणाली, आणि पुण्यात शिकलेलं सगळं बोलणं तिच्या तोंडातून उडालं. “आई हाय ती माझी. तवा पण आईच होती. मी खोटं बोललो.”

मॅडम हळू म्हणाल्या, “तेव्हाच का नाही सांगितलंस?” सा. खाली बघत राहिली. तिच्या वतीने मी उत्तर दिलं नाही. खिसा दाखवला, उलटा करून, शिलाई दिसेल असा. कॅमेऱ्यातून ‘छान’ आलं आणि ‘जरा फुगतो पण’ हेही आलं. फुगू दे म्हटलं, आत सामान असतंय.

दुपारी तिचा परत फोन. उचलला. बराच वेळ नुसती रडली. मीही. मग नाक ओढत म्हणाली, “आई, एक सांगू? रागावू नकोस. तो मोहरी अजून काकूबाईच दिसतो.”

“दिसू दे.”

“बाहीचा काठ तेवढा बदलला ना, तर…”

“हात लावून बघ माझ्या काठाला.”

हसली. शनिवारी येणार आहे. बिनबाहीचे दोन नवीन कुर्ते घेतलेत, त्यांना खिसे हवेत म्हणाली, बाह्या सोबत आणतेय.

आण म्हटलं. शिवीन असं अजून म्हटलेलं नाही.