घाम फुटलेला कोबा

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (यातला साष्टांग अगदी खरा समजा, कारण गेले काही दिवस मी तळमजल्याच्या जमिनीवर पालथाच असतो.) तुमचा गुडघा कसा आहे? आणि गुडघ्यावरून मामी तुम्हाला जे बोलते, ते कमी झालं का? इकडे सगळे मजेत. हवा इतकी दमट आहे की बाटलीतून मीठ पडत नाही, बिस्किटं डब्यातच मऊ पडतात, आणि दार फुगल्यामुळे बाबा परवा बाथरूममध्ये अडकले होते, पण म्हणाले, तेवढीच शांतता मिळाली. पत्र बघून दचकू नका. फोन का नाही केला ते शेवटी कळेलच.

ताईने नोकरी सोडली हे तुम्हाला माहीत आहे. (तिला पहिले स्केट्स तुम्हीच आणून दिलेत, त्यामुळे आईच्या मते अर्धे आरोपी तुम्ही.) आता ती आपल्या तळमजल्यावर मुलांचा स्केटिंगचा क्लास काढतेय. मुलांची नावं आली, सुरू करायचा रविवार ठरला, बाबांनी त्यांची बंद स्कूटर जड मनाने बाहेर काढली, आणि खाली उरला नुसता सिमेंटचा कोबा, खडबडीत आणि धुळकट. त्यावर इपॉक्सीचं गुळगुळीत कोटिंग हवं होतं. मी म्हणालो, "जमीन माझ्यावर सोड." मामा, हे वाक्य मी फारच छान म्हणालो होतो.

मग मी या विषयावरचे सगळे व्हिडिओ पाहिले आणि जेवताना घरच्यांना ऐकवले. मुद्दा असा, की कोबा दिसतो दगडासारखा पण वागतो स्पंजासारखा. मातीतली ओल त्यातून हळूहळू वर येते, आणि कोबा उघडा असेपर्यंत बिनबोभाट हवेत निघून जाते. वर कोटिंग लावलं की तिची वाट बंद. मग ती खालून ढुशा देते. म्हणून आधी टेस्ट करायची. प्लॅस्टिकची शीट कोब्यावर चारी बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवायची आणि दुसऱ्या दिवशी बघायची. आतून थेंब धरले तर आधी ओल अडवणारा प्रायमर लावायचा, कोरडी असली तर खुशाल पुढे जायचं. मी शीट लावली. सकाळी उठून बघतो तर कोरडी ठणठणीत. दुसऱ्यांदा लावली, पुन्हा तेच. बाबा म्हणाले, अरे, भिंतींना हात लावला तरी ओला होतो, मग जमीनच तेवढी कोरडी कशी? मी त्यांना प्रेमाने समजावलं की वाटणं वेगळं आणि पुरावा वेगळा. (तेव्हापासून ते मला वकीलसाहेब म्हणतात.)

कोटिंग काय झालं होतं म्हणून सांगू! निळसर राखाडी, आरशासारखं. बाबांनी त्यात बघून भांग पाडला. पण चार दिवसांत त्याला कांजिण्या आल्या. आधी कोपऱ्यात एक फोड, मग जिथे बघावं तिथे. ताई स्केट्स घालून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. फट्, फट्, फट् असे आवाज झाले. मग ती स्केट्स काढून मांडीवर घेऊन बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिच्याकडे परत जायला नोकरी नव्हती आणि रविवार तोंडावर होता. मी घाईघाईने कंपनीला, मिक्सरला, हवेला, सगळ्यांना दोष देत होतो, तेवढ्यात आई चहा घेऊन आली.

"ते खाली चिकटवलेलं प्लॅस्टिक होतं ना," ती म्हणाली, "त्याला रोज घाम यायचा बिचाऱ्याला. मी पहाटेच उचलून आतून पुसायचे आणि परत चिकटवायचे. तू टेप फार वाकडी लावतोस."

म्हणजे माझा पुरावा रोज स्वच्छ पुसला जात होता. ताई हसायला लागली ती इतकी, की तिला भिंतीला धरून उभं राहावं लागलं. आईला मात्र अजून कळलेलं नाही की यात हसण्यासारखं काय आहे.

तर आता सगळं घर कोटिंग खरवडतंय. रविवार काही चुकला नाही. मुलं आली, त्यांना उरलेले फोड फोडू दिले (आनंदाला पारावार नव्हता, एकाने विचारलं, हे दर रविवारी असतं का?), आणि ताईने गाद्या अंथरून पहिला धडा घेतला, पडायचं कसं. त्याला स्केट्स लागत नाहीत. पालक खूश. पण पडायला शिकवून शिकवून किती शिकवणार? मुलं आता पडण्यात फार पुढे गेलीयत. बाबांनी छपराच्या पाण्याचा पाइप भिंतीपासून लांब नेलाय, प्रायमर आणून ठेवलाय. फक्त प्रायमरचे किती हात द्यायचे ते ठरवायला ओल नेमकी किती वर येते हे कळलं की झालं, म्हणून खरवडलेल्या भागावर शीट पुन्हा लावलीय. मामीला नमस्कार.

तुमचा,
वकीलसाहेब

ता. क. खरं काम हे, की आईला आठवडाभर तुमच्याकडे बोलवा. गुडघ्याचं निमित्त सांगा. तिने शीटला हात न लावायचं कबूल केलं होतं, पण काल परत चकचकीत. म्हणते, मी फक्त घडी मोडली. फोन करता येत नाही, कारण तुमचा आवाज ऐकला की ती माझ्या हातातून घेते.

ता. क. २. हे पत्र वाचून फाडून टाका.

ता. क. ३. दादा, टेबल पुसताना हे सापडलं. तुझा गुडघा बरा आहे, वहिनीचा कालच फोन होता. तरी येते, पोरीचा क्लास अडायला नको. पाकीट नीट चिकटवलंय, याने वाकडं लावलं होतं. आणि निघताना ते प्लॅस्टिक शेवटचं एकदा पुसून ठेवते, म्हणजे मागे कोणाला त्रास नको.